डाव्या चपलांची भिंत

हुरियत-ओपाच्या तंदुराशेजारी मातीची एक बुटकी भिंत आहे. उन्हाळा लागला की त्या भिंतीवर चपला दिसू लागतात. जोड नाहीत, एकेकच, आणि तीही डाव्या पायाची. नवखा माणूस थांबून विचारतो, "या गावातली पोरं लंगडी आहेत की काय?" आम्ही हसतो. पण तीन वर्षांपूर्वी या चपलांना सगळ्यात जास्त नावं ठेवणारी मीच होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला टोमणा मारायला नको.

मी तोलझोरच्या शाळेत गणित शिकवते. गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'मुअल्लिमा' म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. हुरियत-ओपा, म्हणजे हुरियतताई, नान भाजते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने दांडगी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तंदुराचे चटके, आणि आवाज असा की तिने हळू बोलायचं ठरवलं तरी शेजारच्या अंगणात ऐकू जातं. तिचा बाप मोठ्या नदीवर होडी चालवायचा. त्यामुळे ती चालायला शिकली त्याच वर्षी तरंगायला शिकली. मग लग्न होऊन इकडे आली, नवरा रशियात बांधकामावर गेला, आणि तीस वर्षं तिने कालव्याकडे तोंड करून नान भाजले. म्हणजे गावात कालवा सगळ्यात जास्त तिनेच पाहिलेला.

हा कालवा गावाच्या मधून जातो. दोन्ही काठ सिमेंटचे, उतरते, आणि पाण्याच्या रेषेखाली शेवाळाने साबणासारखे झालेले. आत पडायला निमिष लागत नाही. बाहेर यायला मात्र अख्ख्या गावात एकच जागा, ओपाच्या घरासमोरच्या पायऱ्या, जिथे बायका गालिचे धुतात. उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस, ज्यांना आम्ही चिल्ला म्हणतो, त्यात अंगणातली माती पायाला पोळते. निम्मे बाप रशियात, उरलेले शेतात नाही तर चहाखान्यात, आया कापसात. पोरं पाण्याकडे धावणार नाहीत तर कुठे धावतील? दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर परत यायचं नाही. आम्ही म्हणायचो, "कालव्याने घेतलं." बोलण्याची तऱ्हाच अशी, की दोष कालव्याचा.

ओपाने वीस वर्षांत चार पोरं पाण्यातून ओढून काढली होती. त्यातलं एक जिवंत होतं.

चौथ्या पोरानंतर ती बदलली. त्या हिवाळ्यात तिने छपराखाली मिळतील तेवढे भोपळे वाळत टाकले. तेच सुरईसारखे भोपळे, ज्यांत आमचे म्हातारे पाणी नेतात. देठाची भोकं तिने मेणाने बुजवली. ट्रकवर कापसाचे गठ्ठे बांधायचा एक जुना दोर कुठूनसा पैदा केला, हातभर अंतरावर एकेक भोपळा बांधला, आणि तो दोर कालव्यावर आडवा टाकला. आडवा म्हणजे सरळ नाही, तिरका. पलीकडच्या काठावर वरच्या अंगाला तुतीचं झाड आहे, त्याला एक टोक. अलीकडे खालच्या अंगाला पायऱ्यांशी लोखंडी कडी आहे, तिला दुसरं. जरा सैल ठेवलेला, पाणी चढलं की भोपळ्यांबरोबर वर येणारा.

"तिरका का?" मी विचारलं होतं. गणित शिकवणाऱ्या बाईला वाकडी रेघ खटकतेच.

"टरबुजं बघितली नाहीत का कधी?" ओपा म्हणाली. "गार करायला पाण्यात सोडतो, जाळीतून निसटतात, आणि ते पडलेलं पॉप्लरचं खोड होतं ना खाली, तिरकं, त्याच्या कडेकडेने घरंगळत येऊन काठाला लागायची. सरळ अडवलं तर पाणी खाली ओढतं. तिरकं अडवलं तर काठाला आणून सोडतं. टरबुजाला कळतं ते तुम्हाला कळू नये, मुअल्लिमा?"

मला राग आला. तो राग मी पुढे कामाला लावला.

दोरामागोमाग तिची शाळा सुरू झाली. मंगळवारी कालव्याचं वरचं गेट जवळजवळ बंद असायचं, पाणी खालच्या गावाला बुधवारी सोडायचं असे. त्यामुळे मंगळवारी आमच्या कालव्यात पोरांच्या गुडघ्याइतकंच पाणी. त्या पाण्यात ओपा पोरांना पाठीवर तरंगायला शिकवायची. सात वर्षांखालच्यांच्या काखेत दोन-दोन भोपळे कापडाने बांधलेले. नियम एकच होता. पाण्यात उतरण्याआधी डावी चप्पल भिंतीवर ठेवायची. वर आलं की चप्पल उचलायची आणि गरम नानचा तुकडा घ्यायचा. चप्पल ठेवली नाही तर नान नाही. म्हणजे ओपा तंदुरात वाकलेली असली तरी मान वर केली की भिंतीकडे बघून तिला कळायचं, आत्ता पाण्यात कितीजण आहेत.

गावाने तिला 'भोपळेवाली' म्हणायला सुरुवात केली. आणि सोतवल्दी-आका चिडला. सोतवल्दी-आका, म्हणजे सोतवल्दीदादा, आमचा पाटकरी, चाळीस वर्षं पाणी वाटणारा माणूस. कुणाची पाळी कधी, गेट किती बोटं उचलायचं, सगळं त्याच्या डोक्यात.

"अगं केलिन," तो म्हणाला. लग्नाला तीस वर्षं होऊनही म्हाताऱ्यांच्या तोंडी ती गावची केलिन, म्हणजे सूनच. "तुझ्या दोराला शेवाळ अडकतं, गवत अडकतं. खालच्या गावाला पाणी दोन बोटं कमी पोचतं. शिव्या मला खाव्या लागतात."

"मग गवत मी काढीन, आका. रोज सकाळ-संध्याकाळ."

"आणि तुझं कोण बुडालं गं? तुझे दोन्ही मुलगे धडधाकट आहेत. ज्यांची गेली ती गप्प आहेत, आणि तूच काय ऊर बडवतेस?"

"माझं कुणी गेलं नाही म्हणूनच बोलते," ओपा म्हणाली. "ज्यांची गेली त्यांना बोलायचं बळ राहिलंय का? माझं जाईपर्यंत थांबू?"

मग तो माझ्याकडे आला. गावातल्या पांढऱ्या दाढीच्या मंडळींना एक तक्रारअर्ज लिहून दे म्हणाला. मी लिहिला. मोठ्या हौसेने लिहिला. गवताने पाणी किती टक्के कमी होतं त्याचे आकडे घातले. पुढे असंही लिहिलं की भोपळे बांधून पोरांना पाण्याची चटक लावणं म्हणजे त्यांना मरणाची गोडी लावणं, आणि पोरांना वाचवायचा एकच खात्रीचा उपाय आहे, पाण्याजवळ फिरकूच न देणं. मी स्वतः तेच करत होते. माझी मोहिनूर तेव्हा आठ वर्षांची. कालव्याच्या दिशेला तिने पाऊल टाकलं तर मी डोळे वटारायचे. मंगळवारी ती आजीकडे भरतकाम शिकायला जायची. तिथून येताना वेण्या ओल्या असायच्या. आजी डोकं धुऊन देते, असं ती म्हणायची आणि मला ते पटायचं. बीजगणित शिकवणारी बाई, बरं का.

म्हाताऱ्यांनी अर्ज वाचला, माना डोलावल्या, आणि ओपाला एक चिल्ला दिला. चाळीस दिवस. एवढ्या दिवसांत दोरामुळे एकही पाळी चुकली किंवा एकही पोर दगावलं, तर सोतवल्दी-आकाने विळ्याने दोर कापायचा आणि पोरांची शाळा बंद. चाळीस दिवस नीट गेले तर दोर कायमचा.

"मंजूर," ओपा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला नान देताना म्हणाली, "अक्षर छान आहे हो तुमचं."

मग रोज सकाळी पीठ मळायच्या आधी ती कमरेइतक्या पाण्यात उतरून दोराचं गवत काढायची, आणि संध्याकाळी तंदूर विझवला की पुन्हा. बत्तीस दिवस असे गेले. पाळी एकही चुकली नाही. सोतवल्दी-आका येऊन दोरावरून नजर फिरवायचा, काही सापडायचं नाही, आणि तो घसा खाकरून निघून जायचा.

तेहतिसाव्या दिवशी मंगळवार होता. खालच्या गावात बुधवारी लग्न होतं, तीनशे माणसांचा पुलाव. बुधवारी तिथल्या पुरुषांना शेतात पाण्यामागे उभं राहायला कुठली सवड? म्हणून सोतवल्दी-आकाने त्यांची पाळी मंगळवारी दुपारवर आणली. यात वावगं काही नाही, अशा अदलाबदली आमच्याकडे नेहमी होतात. आणि त्याने तसं जाहीरही केलं, नेहमीच्याच जागी, चहाखान्यात. चहाखान्यात बायका जात नाहीत. पोरं जात नाहीत. जे पुरुष तिथे होते ते चहा पिऊन लग्नाच्या तयारीला गेले. ज्या घरांतून पोरं मंगळवारचं पाणी उथळ म्हणून निघाली, त्या घरांत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पिढ्यान् पिढ्या आम्ही पाण्याची बातमी अशीच देत आलो होतो, ज्यांना ती हवी त्यांना सोडून बाकी सगळ्यांना.

मी दुपारी नान घ्यायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर थोडं टोचून बोलायलाही.

"सातच दिवस राहिले, ओपा," मी म्हटलं.

"मोजताय वाटतं? बरं आहे. मीपण मोजते." ती आकडीने तंदुरातून नान काढत होती. भिंतीवर चपला होत्या. मी सवयीने मोजल्या. अकरा. खालून पोरांचा गलका ऐकू येत होता.

नान फडक्यात टाकता टाकता ओपा थांबली. कालव्याच्या वरच्या अंगाकडे बघत राहिली. मीही बघितलं, मला काही दिसलं नाही. तिला मात्र दिसलं. पाण्याच्या रुंदीभर एक मळकट रेघ येत होती, काटक्या, वाळलेलं शेण, पेंढ्या, सगळं ढकलत. गेट उचललं की नव्या पाण्याच्या तोंडाशी हा कचरा असतो.

"पाणी सोडलंय!" ती ओरडली, आणि लोखंडी आकडीने तंदुराचं झाकण बडवायला लागली. ठण्-ठण्-ठण्. तो आवाज म्हणजे पाण्याबाहेर या, हे तिने पोरांना पहिल्या दिवशीच शिकवलेलं. नान तिथेच टाकून ती पायऱ्यांकडे धावली. तिच्या वयाची, तिच्या अंगाची बाई अशी धावू शकते हे मला माहीत नव्हतं.

पायऱ्यांजवळची सहा पोरं ओरडत, एकमेकांना ओढत वर चढली. तिघं मधे होती. ती पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आत पाण्याने त्यांना उचललं. मला वाटलं संपलं.

"पाठीवर!" ओपाचा आवाज सगळ्या गावाने ऐकला असेल. "पाय पुढे! पोट वर! हात मारू नका, दोर येतोय!"

आणि त्या तीन पोरांनी तसंच केलं. पाण्याशी झगडली नाहीत. पाठीवर पडली, पाय खालच्या अंगाला, तोंड आभाळाकडे. दोर त्यांच्या काखेत आला, भोपळे खडखडले, आणि दोराच्या कडेकडेने घसरत ती पोरं पायऱ्यांकडे आली. टरबुजासारखी. ओपा कमरेपर्यंत पाण्यात उभी होती, एका हाताने कडी धरून. दुसऱ्या हाताने एकेकाला मानगुटीला धरून वर फेकत होती.

"चपला!" ती ओरडली. "चपला उचला! मुअल्लिमा, भिंत बघा, किती उरल्या?"

पोरं थरथरत चपला उचलत होती. मी भिंतीकडे वळले. दोन उरल्या होत्या. एक इवलीशी निळी. आणि दुसरी लाल, बक्कल तुटलेलं, बक्कलाच्या जागी पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं.

तो दोरा मी ओवला होता.

मला आता आठवत नाही मी काय ओरडले. नंतर लोक म्हणाले, मी सारखी म्हणत होते, "ती आजीकडे आहे, ती आजीकडे आहे." मी पाण्याकडे धावले असणार, कारण कुणीतरी मला झग्याला धरून मागे खेचलं. मला पोहता येत नव्हतं. पोरांना पाण्यापासून लांब ठेवणं एवढंच मला येत होतं, आणि ते मी चोख करत होते असं समजून चालले होते.

खेळता खेळता वरच्या अंगाला, गावच्या पुलापलीकडे गेलेली ती दोघं पुलाखालून आली. पुढे सहा वर्षांचा इक्बोल, काखेत दोन भोपळे, तोंड रडून लाल झालेलं. त्याच्या मागे माझी मोहिनूर. पाठीवर पडलेली. एका हाताने इक्बोलच्या भोपळ्याचं कापड घट्ट धरलेलं. पाण्याच्या खळाळातून तिचा आवाज आला, पाढे म्हणतात तशा चालीत, "पाय पुढे, पोट वर, दोर येतोय. पाय पुढे, पोट वर, दोर येतोय. रडू नकोस रे, पाणी नाकात जातं."

दोर आला. भोपळे खडखडले. मला वाटलं ती दोघं खाली जाणार, दोराखालून निसटणार. नाही निसटली. पाण्याने त्यांना तिरक्या दोराच्या कडेने अलगद आणलं, आणि ओपाने दोघांना एकदमच उचललं, एकेका हातात एकेक, पिठाची पोती उचलावीत तसं.

मी माझ्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला उराशी धरलं आणि पायऱ्यांवर बसून मोठमोठ्याने रडले. लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

"आजी डोकं धुऊन देते काय गं?" मी विचारलं.

"आजीला माहीत होतं," मोहिनूर म्हणाली. "आजीच सोडून जायची. आई, माझी चप्पल आण ना. चप्पल उचलल्याशिवाय नान मिळत नाही."

मी उठले आणि भिंतीवरची लाल चप्पल आणून तिच्या पायात घातली. इक्बोलने निळी उचलली. भिंत रिकामी झाली. ओपा ओल्या कपड्यांनी भिंतीसमोर उभी राहिली आणि रिकाम्या भिंतीकडे बघतच राहिली. मग दोन्ही हात वर करून, डोकं मागे टाकून, ती हसली. असं हसणं मी तोलझोरमध्ये कुठल्या लग्नातही ऐकलं नव्हतं. पोरं तिच्याभोवती नाचायला लागली. बायका गोळा झाल्या, कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, आणि तंदुरातले उरलेले नान जळून कोळसा झाले. त्या दिवशी त्याची कुणालाच पर्वा नव्हती.

झाकणाचा आवाज ऐकून सोतवल्दी-आका गेटाकडून धावत आला, टोपी हातात, छाती भात्यासारखी हलत होती. पोरं मोजली, पुन्हा मोजली. मग पायऱ्यांवर बसला.

"चहाखान्यात सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं होतं."

"आम्हाला सोडून," ओपा म्हणाली. ती भांडली नाही. तिने त्याच्यासमोर पाण्याचा वाडगा ठेवला.

त्याच दिवशी मी माझा जुना अर्ज मागून आणला आणि त्याच्या पाठीमागे नवा लिहिला. पाळीची अदलाबदल झाली की बातमी आधी तंदुरावर यावी, मग चहाखान्यात जावी, नाही तर गेट उचलू नये. या वेळी आकडा एकच घातला, अकरा. खाली गावातल्या बायकांनी सह्या केल्या, पाहुण्या आलेल्यांनीसुद्धा. म्हातारे म्हणाले, आधी चाळीस दिवस पुरे होऊ द्या.

चाळिसावा दिवस पुन्हा मंगळवार. सगळं गाव पायऱ्यांवर. पांढऱ्या दाढीची मंडळी तुतीच्या सावलीत बसलेली. सोतवल्दी-आका आला, आणि त्याच्या हातात विळा होता. इक्बोल ओपाच्या झग्यामागे लपला.

म्हातारा पायऱ्या उतरला, शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून बसला, दोर हातात घेतला. मग विळ्याने दोरात अडकलेलं गवत कापलं, झटकलं, आणि पुढच्या भोपळ्याकडे वळला. असं त्याने सगळं गवत काढलं. मग विळा बाजूला ठेवून तो भिंतीपाशी आला, वाकून डाव्या पायातला काळा रबरी बूट काढला, आणि पाण्यात उतरायला निघालेल्या पोरांच्या चपलांच्या ओळीत शेवटी ठेवला.

"हे काय, आका?" ओपाने विचारलं.

"चाळीस वर्षं पाणी वाटलं, केलिन," तो म्हणाला. मान खाली, कान लाल. "आत कधी उतरलो नाही. भीती वाटते. माझ्या मापाचा भोपळा आहे का?"

पोरं खिदळली. मोहिनूरने छपराखालचा सगळ्यात मोठा भोपळा ओढत आणला. म्हाताऱ्याने फडक्यावरच्या गरम नानकडे हात नेला, तशी ओपाने त्या हातावर चापटी मारली.

"वर आल्यावर," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून मोठ्याने मोजू लागली.